ठोकेमिस्त्री आणि नववं दार

ठोकेमिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी खाली बघायचे. यजमान पाणी आणायला आत वळले, की खिशातून हातोडीची लाकडी मूठ काढून दोन-चार फरश्यांवर हळूच टकटक करायचे आणि काहीच न घडल्यासारखे पुन्हा खुर्चीत बसायचे. चौतीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवता बसवता त्यांना हे नाव चिकटलं होतं. खरं नाव आता फक्त वीजबिलावर आणि बायकोच्या रागात उरलं होतं.

फरशीखाली माल नीट भरला असेल तर ती भरीव बोलते, टक्. खाली कुठे पोकळी राहिली असेल तर आवाज बसका येतो, ठप्. हे कुठल्याही कारागिराला कळतं. पण मिस्त्रींचा कान त्याच्या पुढचा होता. शेजारच्या खोलीत कुणी चप्पल घालून फिरत असलं, तरी भिंतीअलीकडून ते सांगायचे की खिडकीखालची दुसरी फरशी काही फार दिवसांची सोबतीण नाही.

या कानानं त्यांना पोट भरायला दिलं, तसं एकदा चांगलंच गोत्यातही आणलं. लग्नाचं बोलायला ते पहिल्यांदा बायकोच्या माहेरी गेले होते, तेव्हाची गोष्ट. होणाऱ्या सासूबाईंनी महिन्यापूर्वीच बैठकीच्या खोलीत नवी फरशी घालून घेतली होती. त्या चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातून आत आल्या आणि मिस्त्रींच्या कानावर ठप् पडलं. मिस्त्री तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि तोंडाला कुलूप नव्हतं. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "उंबऱ्याजवळच्या तीन फरश्या पोकळ आहेत." सासरे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. आठ महिन्यांनी त्यातली मधली फरशी उचकटून वर आली. मिस्त्री चुकले असते तर सासूबाईंनी पोटात घातलं असतं. ते बरोबर निघाले, हे मात्र काही केल्या पचेना. त्यानंतरची सव्वीस वर्षं दोघांत "जेवलात का" आणि "हो" एवढीच देवाणघेवाण चालली. मिस्त्री त्यांना कधी हाकही मारत नसत. "बसावं", "घ्यावं" असं हवेत बोलून वेळ भागवत.

मग मिस्त्रींचा उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे घरी बसायला सांगितलं आणि कागदावर सही करता करता म्हणाले, की गुडघ्यावर बसून करायचं काम आता विसरा. मिस्त्री तिथे हसले. ते हसू गाडीत बसेपर्यंतच टिकलं. ज्याचा अर्धा जन्म गुडघ्यांवर गेला, त्याला गुडघा विसर म्हणणं म्हणजे माशाला पाणी विसर म्हणण्यासारखंच. घरी आल्यावर ते पाठीवर पडून छताकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ छत बघत होते, आणि छतातलं त्यांना काहीच कळत नव्हतं.

बायको हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीवर कामाला होती. सकाळी आठला जायची, संध्याकाळी पाचनंतर यायची. दिवसा नवऱ्याजवळ कुणीतरी हवं, म्हणून तिनं आपल्या आईला बोलावून घेतलं.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र, पुढ्यात तारांचा गुंता आणि डोक्यात दोन-तीन हजार नंबर. एक्स्चेंज बंद झालं, ते फोन भंगारात गेले, पण नंबर काही डोक्यातून गेले नाहीत. कुठल्या बर्फाच्या कारखान्याचा नंबर काय होता, हे त्या अजून झोपेतून उठवलं तरी सांगत. त्या आल्या, बॅग कोपऱ्यात ठेवली आणि खिडकीशी स्वेटर विणायला बसल्या. पहिला आठवडा खोलीत घड्याळ आणि सुया एवढंच बोलत होतं. बायकोनं फोनवर मुलीला सांगितलं, "दोघं एका खोलीत बसतात, पण राहतात दोन देशांत."

मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी असायची. तिचं जुनं गेम खेळायचं यंत्र घरच्या कपाटात पडून होतं. ते टीव्हीला कसं जोडायचं, हे तिनं आईला फोनवर सांगितलं आणि तिला फार आवडलेला एक गेम त्यात उतरवून दिला. नाव, 'नऊ दगडी दारं'. मिस्त्रींनी नाक मुरडलं. हे पोरासोरांचं काम, म्हणाले. पण छतापेक्षा काहीतरी वेगळं बघायला मिळेल, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी बटणं आणि दोन खुंट्या असलेला खेळायचा डबा हातात घेऊन गेम सुरू केला.

पडद्यावर सूर्य उगवला. आधी वाळू दिसली. मग वाळूतून हजारो वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधलं एक देऊळ वर आलं. माडासारखे उंच खांब, दगडात बसलेले राजे, आणि दारापासून पार आतल्या अंधारापर्यंत पसरलेली दगडी फरसबंदी. एक मोजणीवाली बाई हातात उंच मोजकाठी घेऊन उभी होती. खेळणाऱ्यानं तिला चालवायचं, कोडी सोडवायची आणि एकेक दार उघडत आत जायचं. मारामारी नाही, राक्षस नाहीत. मिस्त्री उशीवरून उठून बसले. "सांधे बघा," ते म्हणाले. "कागद शिरणार नाही मधून." हे ते कुणाला म्हणाले, त्यांनाही ठाऊक नव्हतं. खिडकीजवळच्या सुया क्षणभर थांबल्या आणि पुन्हा चालू झाल्या.

अर्धा तास ती मोजणीवाली भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत राहिली. मिस्त्रींनी सगळी बटणं दाबून बघितली, यंत्राला आणि मुलीला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. शेवटी सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"उजव्या खुंटीनं तिची मान वळते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मघापासून डावीच दामटताय."

सव्वीस वर्षांत त्या जावयाशी इतकं लांब वाक्य बोलल्या नव्हत्या. मिस्त्रींनी उजवी खुंटी फिरवली. बाई वळली.

पहिल्या दाराशी चार फिरते दगड होते आणि प्रत्येकावर चित्रं. ती कुठल्या क्रमानं लावायची, हे मागे वाळूत उभ्या असलेल्या एका सुळक्यावर कोरलेलं होतं. मिस्त्री ते पाहायला बाईला परत फिरवणार, तोच मागून आवाज आला, "बगळा, डोळा, वेत, साप." मिस्त्रींनी दगड फिरवले. घरघर करत दार बाजूला सरलं आणि वरून वाळूचा लोट खाली आला. मिस्त्रींच्या तोंडून आपसूक "शाबास" निघून गेलं. मग आपण कुणाला शाबास म्हणालो ते ध्यानात येऊन त्यांनी घसा साफ केला.

"आणि दारावरच्या तुळईवर आणखी चार चित्रं आहेत," सासूबाई म्हणाल्या. "घुबड, पाण्याची लाट, पाय, पाव. ती कुठे वापरायची?"

मिस्त्री म्हणाले, नक्षी असेल. सासूबाईंना ते पटलं नाही. एक्स्चेंजमध्ये कुणी उगाच नंबर सांगत नसे, असं त्या म्हणाल्या आणि ती चार चित्रं त्यांनी बर्फाच्या कारखान्याशेजारी डोक्यात ठेवून दिली.

त्या दिवसापासून घराचा दिनक्रमच बदलला. बायको आठला बाहेर पडली की सासूबाई कपबशा विसळून, हात पुसत पुसत यायच्या आणि म्हणायच्या, "चला." मिस्त्री तयारच असायचे. गुडघ्याचे व्यायामही ते पडद्याकडे बघत उरकायचे. दुसरं दार आरशांचं होतं, उन्हाचा कवडसा पाच आरशांवरून फिरवत आतल्या मूर्तीवर टाकायचा. तिसऱ्यापाशी मोठा तराजू, चौथ्यापाशी तारे. सासूबाई चित्रं आणि क्रम लक्षात ठेवायच्या, मिस्त्री मापं आणि वजनं. अडलं की वाद व्हायचे. आधी दबक्या आवाजात, मग चांगले मोकळे. एकदा बायको विसरलेला डबा न्यायला अर्ध्या वाटेतून परत आली, तर तिची आई तिच्या नवऱ्याला बजावत होती, की ते मांजर नसून सिंहीण आहे आणि डोळे तपासून घ्या. बायको डबा घेऊन चोरपावलांनी निघून गेली.

पाचव्या दारानं तर मिस्त्रींची कळी खुलवली. तिथे पाणी वाहवत न्यायचं होतं. देवडीपासून गाभाऱ्यापर्यंत लांबलचक जमीन, तिच्यात दगडी पाट, आणि पाटाच्या मध्यावर कोरडं कुंड. मुलगी या कोड्यापाशी चार दिवस अडली होती. मिस्त्रींनी बाईला एकदा आत आणि एकदा बाहेर चालवलं आणि हसले. ही जमीन सपाट दिसते, पण आत जाता जाता चढत जाते, म्हणाले. जुन्या कारागिरांनी ती मुद्दामच तशी बसवलेली, जमीन वर, छत खाली, म्हणजे गाभारा येईपर्यंत माणूस आपोआप वाकतो. मग दारातून ओतलेलं पाणी आत जाईल कसं? त्यांनी आतून पाणी सोडलं. दोन मिनिटांत कुंड भरलं. मुलीला फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज विशीतल्या पोरासारखा झाला होता. "फरशीवाल्याला उतार शिकवतात," ते म्हणाले.

दहाव्या दिवशी आठवं दार उघडलं. आत राजाची रिकामी दगडी पेटी होती. मोजणीवालीनं टोपी काढली, सूर्य मावळला आणि खालून वर नावं सरकू लागली. दोघं ती नावं संपेपर्यंत बघत राहिले.

"नऊ म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. आठच भरली. मुलीच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला फोन लावला. मुलगी हसायला लागली. नववं दार आजवर कुणालाच सापडलेलं नाही, तिनं सांगितलं. गेम बाहेर येऊन तीन वर्षं झाली, जगभर लाखो लोकांनी खेळून पाहिला, भिंत न् भिंत चाचपली. काही म्हणतात, नववं दार म्हणजे मरण. काही म्हणतात, ती नुसती थट्टा आहे. बनवणाऱ्यांना विचारलं की त्यांचं एकच उत्तर असतं, दार आहे, आम्ही खोटं बोलत नाही.

फोन ठेवला तेव्हा मिस्त्रींचे कान लाल झाले होते. सासूबाईंनी स्वेटर गुंडाळून पिशवीत घातला. आता विणकामाला वेळ मिळणार नव्हता, हे त्यांनी ओळखलं.

तीन दिवस त्यांनीही भिंतीच चाचपल्या. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी खेळायचा डबा खुर्चीच्या हातावर ठेवला आणि त्यांचं कोपर एका बटणावर पडलं. पडद्यावरच्या बाईनं हातातली मोजकाठी जमिनीवर आपटली. टक्.

त्या बटणाचा सगळ्या खेळात काहीच उपयोग नव्हता. लोक गंमत म्हणून दाबायचे आणि सोडून द्यायचे. मिस्त्रींनी ते पुन्हा दाबलं. मग बाईला पायरीवर नेऊन दाबलं, वाळूत नेऊन दाबलं. तिन्ही ठिकाणी आवाज निराळा आला. मिस्त्री खुर्चीच्या कडेला सरकले. कारण ज्यानं हे बनवलं, त्यानं दगडाचा आवाज दगडाला आणि वाळूचा वाळूला दिला होता, आणि एवढा कष्टाळू माणूस हे उगाच करत नाही. सगळ्यांनी भिंती बघितल्या होत्या. दार म्हणजे भिंतीतच असणार, असं धरून चालले होते. खाली कुणी बघितलंच नव्हतं.

देवळात खांबांचं एक मोठं दालन होतं. त्यात तीस ओळी, एकेका ओळीत वीस फरश्या. "सहाशे," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. "ओळ आणि नंबर माझ्याकडे. तुम्ही ठोका."

पहिल्या फेरीत काहीच हाती लागलं नाही. सगळ्या फरश्या सारख्याच बोलल्या. मिस्त्रींना ते खरं वाटेना. टीव्हीचा आवाज पिपात बोलल्यासारखा होता, त्यात फ्रिजची घरघर आणि पंख्याची कुरकुर. त्यांनी पंखा बंद करवला, खिडकी लावून घ्यायला सांगितली, शेवटी सासूबाईंनी फ्रिजचंही बटण बंद केलं. तरी जमेना. मग मुलीच्या खणात तिचे जुने इअरफोन सापडले, ते हातातल्या डब्याला जोडता आले. त्यांची वायर वीतभर लांब आणि बोंडं दोन. दोघांच्या खुर्च्या एकमेकींना चिकटवाव्या लागल्या. एक बोंड मिस्त्रींच्या डाव्या कानात, दुसरं सासूबाईंच्या उजव्या कानात. इतक्या जवळ ते दोघं आयुष्यात कधी बसले नव्हते.

सात ओळी झाल्या. आठवी सुरू करण्याआधी सासूबाईंनी विचारलं, नेमका कसला आवाज ऐकायचा आहे. मिस्त्री म्हणाले, पोकळ. पोकळ म्हणजे कसा, त्यांनी विचारलं. 

"तुमच्या उंबऱ्याजवळच्या फरशीसारखा," ते म्हणाले.

सासूबाईंनी कानातलं बोंड काढलं. मिस्त्रींना वाटलं, संपलं, आता स्वेटर बाहेर येणार.

"तो मलाही ऐकू यायचा," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. माझेही कान काही कमी नव्हते. पण तो कारागीर मी निवडलेला, सगळ्या घराला सांगून बसले होते की काम चोख करतो. आणि तुम्ही चारचौघांत बोललात."

"मला वाटलं, मी मदत करतोय."

"ते मला दहा वर्षांनी कळलं. तोवर न बोलायची सवय लागून गेली होती." त्यांनी बोंड पुन्हा कानात घातलं. "ठोका. आठवी ओळ, पहिली."

मिस्त्रींनी ठोकलं. त्यांना दोन-तीन फरश्या नीट दिसल्या नाहीत, त्या त्यांनी पुन्हा ठोकल्या. आठवी ओळ संपली. नवव्या ओळीतली पहिली, दुसरी, तिसरी. टक्, टक्, टक्. मग चौथी.

ठप्.

"ही," दोघं एकदमच म्हणाले.

पुन्हा ठोकलं. शेजारची ठोकली, मग पुन्हा हीच. शंकाच नव्हती.  बाराच्या सुमारास अशा चार फरश्या सापडल्या. नवव्या ओळीतली चौथी आणि सतरावी, बाविसाव्या ओळीतली चौथी आणि सतरावी. पण ठोकून काही घडेना, वर उभं राहून काही घडेना. जेवायची वेळ टळून गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मान वर करा तिची," सासूबाई म्हणाल्या. "खांबाकडे."

प्रत्येक पोकळ फरशीशेजारी एक खांब होता, आणि खांबाच्या अगदी वरच्या टोकाला एकच चित्र. पहिल्यावर घुबड. दुसऱ्यावर पाय. तिसऱ्यावर पाव. चौथ्यावर पाण्याची लाट. सासूबाई खुर्चीतून उठल्या, तसं मिस्त्रींच्याही कानातलं बोंड उपटून निघालं.

"तुळई," त्या म्हणाल्या. "पहिल्या दारावरची. घुबड, लाट, पाय, पाव."

मिस्त्रींनी त्या क्रमानं चार फरश्या ठोकल्या. चौथी ठोकली आणि सगळं शांत झालं. एक, दोन, तीन, चार, पाच. सासूबाई मोजत होत्या. मग मिस्त्रींच्या हातातला डबा थरथरायला लागला. त्यांना आधी वाटलं, आपलाच हात कापतोय. दालनाच्या मधोमध जमीन दुभंगली, धुळीचा लोट उठला आणि काळोखात उतरत जाणाऱ्या पायऱ्या दिसू लागल्या.

नववं दार जमिनीत होतं.

खाली एक छोटी खोली होती. सोनं नव्हतं, राजा नव्हता. मोजणीवालीनं मशाल उंच धरली आणि भिंतींवरची चित्रं उजळली. रांगेनं माणसं गुडघ्यावर बसलेली. एकानं दोरी ताणली होती, एक जण दगडाची कड घासत होता, एकाच्या हातात लाकडी तिकोनं आणि त्याला मधोमध लोंबणारं वजन. कोपऱ्यातला एक जण गोल मोगरीनं फरशी ठोकत होता आणि त्यानं कान जमिनीकडे लावला होता. खाली लिहिलेला मजकूर सासूबाईंनी मोठ्यानं वाचला. वर राजाचं देऊळ आहे, इथे ते बांधणाऱ्यांची खोली आहे, एवढाच.

मिस्त्री उठले. काठी न घेता उठले आणि चार पावलं चालत टीव्हीपाशी गेले. "हा ओळंबा," ते बोट लावून म्हणाले. "हा काटकोन बघायचा गुण्या. ही मोगरी. अहो आई, हे सगळं माझ्या पेटीत आहे."

सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा सासूबाईंना आई म्हटलं होतं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. सासूबाईंच्या आलं.

पाचला बायको घरी आली, तेव्हा नवरा टीव्हीपुढे उभा होता, आई त्याच्या शेजारी, ताटं जशीच्या तशी झाकलेली, आणि फ्रिज बंद असल्यामुळे सगळं दूध नासलेलं. काय झालं ते तिला दोघंही एकाच वेळी सांगायला लागले. तिनं दूध ओतून दिलं आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावला. मुलीनं पडद्यावरची खोली बघितली. मग म्हणाली, "बाबा, हलू नका. कशालाही हात लावू नका." तिनं कुठलं बटण दाबून ते सगळं जपून ठेवायचं ते सांगितलं आणि रात्रीच ते इंटरनेटवर टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जगभरचे लोक त्या दालनात काठ्या आपटत होते. मुलगी दर तासाला फोन करून लोकांनी काय काय लिहिलं ते वाचून दाखवायची. एकानं तीन वर्षं भिंती चाचपण्यात घालवली होती, तो म्हणाला की मला आता थोडं झोपू द्या. बऱ्याच जणांनी विचारलं, हे शोधलं कुणी. मुलीनं उत्तर दिलं, एक फरशीवाले आणि एक टेलिफोन ऑपरेटर. लोकांना ते गेममधलंच आणखी एखादं कोडं वाटलं.

आठवड्यानं गेम बनवणाऱ्यांचं पत्र आलं. ती सात माणसांची लहानशी कंपनी होती. पत्र लिहिणारी बाई आवाजांचं काम करायची. तो पोकळ आवाज तिनं स्वतःच्या ऑफिसात, स्वयंपाकाच्या कोपऱ्याशी असलेल्या एका फरशीवर ठोकून घेतला होता. दोन आवाजांतला फरक आपण फारच बारीक ठेवला, आता तो कुणालाच ऐकू येणार नाही, असं वाटून तिनं आशाच सोडली होती. तुम्हाला तो कसा ऐकू आला, एवढं तिला जाणून घ्यायचं होतं. मिस्त्रींनी उत्तर सांगितलं आणि सासूबाईंनी एका बोटानं फोनवर टाइप केलं. त्यात मिस्त्रींनी आपल्या कामाबद्दल दोन ओळी लिहवल्या आणि शेवटी घालायला लावलं, की ती ऑफिसातली फरशी आधी काढून नीट बसवून घ्या, कुणीतरी चहा घेऊन चालताना पडेल.

पत्र पाठवून झालं तरी मिस्त्रींचं मन त्या मोजणीवालीवरून हटेना. सहाशे फरश्या तिनं ठोकल्या होत्या आणि एकदाही गुडघा टेकला नव्हता. सगळं उभ्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत गल्लीच्या टोकाच्या सुताराकडे गेले आणि छातीएवढा उंच, सरळ, वजनदार लाकडाचा दांडा करून मागितला, खालच्या टोकाला गोल बोंड ठेवून. दांडा आला त्या दिवशी त्यांनी सगळं घर ठोकून काढलं. आवाज कानाला येण्याआधी लाकडातून हातालाच कळत होता. हे आपल्याला इतकी वर्षं सुचलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

सहाव्या आठवड्यात ते डॉक्टरांकडे गेले. उभं राहून चाललेलं चालेल का, एवढंच विचारलं. चालेल, उलट चाला, डॉक्टर म्हणाले. तिथून मिस्त्री थेट ज्यांच्याकडे पूर्वी काम करायचे त्या ठेकेदाराकडे गेले. आता बसवणार नाही, बसवलेलं तपासून देईन, म्हणाले. ठेकेदारानं आधी हसण्यावारी नेलं. पण त्याची एक तीन मजली वाचनालयाची इमारत ताब्यात द्यायची होती आणि मागच्या कामात फरश्या उचकटल्यामुळे त्याची बरीच शोभा झाली होती. बघा तर बघा, तो म्हणाला.

पहिल्या दिवशी मिस्त्री बूट घालत होते, तर सासूबाई पर्स घेऊन दारात उभ्या. नंबर कोण लक्षात ठेवणार, त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी खडू आणि वही दाखवली. वही बघून सासूबाईंनी असा चेहरा केला, की ती घरीच राहिली.

वाचनालयात सासूबाई एका स्टुलावर बसल्या, मिस्त्री दांडा घेऊन ओळीनं चालू लागले. तळमजल्यावर अकरा पोकळ निघाल्या, पहिल्यावर चोवीस. देखरेख करणारा तरुण इंजिनियर मागे मागे फिरत होता आणि म्हणत होता, की मला तर सगळे आवाज सारखेच येतात. शेवटी ठेकेदार स्वतः आला आणि त्यानं दोन फरश्या उचलायला लावल्या. एकीखाली मूठभर हवा निघाली, दुसरीखाली माल फक्त चार कोपऱ्यांना लावलेला, मध्ये सगळी पोकळी. ठेकेदारानं खाली वाकून त्या पोकळीत बोटं घालून बघितली. मग त्यानं पुढच्या दोन इमारतींचे पत्ते सांगितले. सासूबाईंनी ते लिहून घेतले नाहीत, अर्थातच.

आता आठवड्यातून तीन दिवस मिस्त्री कामावर असतात. सासूबाई आपल्या घरी परतल्या, पण कामाच्या दिवशी सकाळी बसनं येतात. परवा एका शाळेच्या इमारतीचं काम संपवून दोघं स्टॉपवर उभे होते. मिस्त्री खुशीत होते, बावन्न सापडल्या म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, त्रेपन्न. दुसऱ्या मजल्यावर, पाचव्या वर्गात, सहाव्या ओळीतली नववी तुमच्याकडून राहिली. मिस्त्री म्हणाले, ती भरीव होती, मी स्वतः ठोकली. मी स्वतः ऐकली, सासूबाई म्हणाल्या. बस समोर येऊन थांबली होती, कंडक्टर वाट बघत होता. दोघांनी त्याला हातानंच जा म्हणून खुणावलं. मग मागे फिरले, पहारेकऱ्याला फाटक उघडायला लावलं आणि दोन जिने चढून पाचव्या वर्गात गेले.

मिस्त्रींनी दांडा सहाव्या ओळीतल्या नवव्या फरशीवर टेकवला, उचलला आणि ठोकला. एकदा कोपऱ्यात, एकदा मध्ये. मग खिशातून खडू काढला. वाकता येत नव्हतं, म्हणून खडू सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी खाली बसून सावकाश, चांगली मोठी फुली मारली.

बस गेलेली होती. पुढची यायला पाऊण तास होता, आणि तेवढ्यात चौथा मजलाही एकदा पुन्हा ऐकून घेऊ, असं दोघांचं ठरलं.